रामटेके बाई आणि सारख्या आवाजाचे शब्द

सावली गावाच्या बसस्टँडसमोर वह्या-पुस्तकांचं एक दुकान आहे. पाटीवर मराठीत दुकानाचं नाव आणि खाली इंग्रजीत ‘स्टेशनरी’ असं रंगवलेलं. पाटी जुनी, निळ्या अक्षरांची. पण त्या इंग्रजी शब्दातलं शेवटाकडचं एक अक्षर तेवढं काळ्या रंगात आहे. नवीन माणसाला वाटेल, निळा रंग संपला असेल. गेल्या महिन्यात मी बसची वाट बघत तिथे उभा होतो, तर शेजारच्या माणसाने मला तेच सांगितलं, की पेंटरने आळस केला. ते अक्षर काळं का, हे मला माहीत होतं. ते रामटेके बाईंनी बदलायला लावलं होतं.

दुकान नवीन उघडलं तेव्हा बाई खडू घ्यायला गेल्या होत्या. पाटी वाचून त्या दुकानदाराला म्हणाल्या, “भाऊ, तुमचं दुकान एका जागी थांबलेलं हाय, असं लिहिलं तुम्ही.” दुकानदार गोंधळला. दुकान एका जागीच असतं, चालतं थोडंच. मग बाईंनी त्याला समजावलं, की इंग्रजीत स्टेशनरी दोन आहेत. एका स्टेशनरीत शेवटाकडे ए येतो, तिचा अर्थ जागचं न हलणारं. दुसरीत ई येतो, ती वह्या-पेनांची. ऐकायला दोन्ही सारख्या. दुकानदार हसला, म्हणाला, बाई, इथं कोण वाचते. बाई म्हणाल्या, “मी वाचतो ना. माह्ये पोट्टे वाचतात.” आठ दिवसांनी ए चा ई झाला. निळा डबा वाळून गेला होता, म्हणून काळ्या रंगात.

सुलोचना रामटेके आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि नोकरीची बहुतेक वर्षं तशाच राहिल्या. मी कोरपन्याकडचा, त्या वरोऱ्याच्या. त्यांचे वडील वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आम्ही दोघंही या धानाच्या मुलखात बाहेरून आलेलो, त्यामुळे सुरुवातीला इथल्या पोरांची बोली ऐकून आम्ही एकमेकांकडे बघायचो. पुढे ती बोली आमच्याही तोंडात बसली. बाईंच्या तर जास्तच. वर्गात त्या अगदी पोरांसारख्या बोलायच्या, स्टाफरूममध्ये आल्या की थोड्या पुस्तकी व्हायच्या, आणि रागावल्या की पुन्हा वरोरा बाहेर यायचं.

बुटक्या होत्या. सुती साडी, केसांची घट्ट वेणी, आणि कानावर शिंप्यासारखी खोचलेली पेन्सिल. पेपर त्या पेन्सिलीनेच तपासायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, लाल पेन का नाही वापरत. तर म्हणाल्या, चूक सुधारली की पोरगं माझी खूण खोडू शकलं पाहिजे. खडूच्या डब्यात एका बाजूला खडू आणि दुसऱ्या बाजूला कागदात बांधलेले फुटाणे. फुटाण्यांना कायम खडूची पांढरी पूड लागलेली असायची. त्या ती फुंकून उडवायच्या आणि मला पुढे करायच्या. मीही खायचो.

त्या सावलीला आल्या तेव्हाची एक गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. शाळेजवळ खोली बघत होत्या. एका घरी खोली पसंत पडली, भाडं ठरलं, चहाही आला. घरमालक भला माणूस. त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. आडनाव ऐकून त्याला जे कळायचं ते कळलंच असणार, पण त्याला बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. बराच वेळ बशीत बघत राहून तो हळूच म्हणाला, “अन् बाई... जात?”

बाई म्हणाल्या, “नाई जात. आता इथीच राह्यतो.”

घरमालकाच्या बायकोला आधी हसू फुटलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. त्याने मात्र उठून किल्ली आणून बाईंच्या हातात दिली. बाई निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही त्याच खोलीत राहिल्या. मी विचारलं होतं, तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, “आला ना. पण राग दाखवला असता तर खोली गेली असती, अन् गप्प बसली असती तर मी गेली असती. तो शब्दच असा दोन तोंडांचा सापडला म्हणून निभावलं.”

सारख्या आवाजाच्या आणि वेगळ्या अर्थाच्या शब्दांवर त्यांचा फार जीव. आठवीचा वर्ग सुरू झाला की पहिला तास त्याचाच. त्या तासाला इंग्रजीचं पुस्तक बंद. फळ्यावर त्या मोठ्या अक्षरात मराठीतच एक शब्द लिहायच्या, ‘पाय’. मग विचारायच्या, हे काय? पोरं म्हणायची, तंगडी. कोणी तरी म्हणायचं, बाई, पाय म्हणजे बघ. कारण आमच्याकडे ‘पाहा’ला ‘पाय’च म्हणतात. मग बाई खाली लिहायच्या, ‘माहा पाय पाय’, आणि वर्गाला वाचायला लावायच्या. वर्ग हसायचा. बाई विचारायच्या, यातला कोणता पाय दुखते अन् कोणत्या पायानं दिसते? सगळी पोरं बरोबर सांगायची. “कसं कळलं तुम्हाले? दोन्ही तर सारखेच ऐकू आले.” मग पोरं विचारात पडायची. कोणाला सांगता यायचं नाही, पण सगळ्यांना कळलेलं असायचं. बाई म्हणायच्या, “आजूबाजूचे शब्द पाहून कळलं. इंग्रजीतही तेवढंच करायचं हाय. घाबरायचं काऊन?”

मी मराठीचा मास्तर. मला हे सहन झालं नाही. मी त्यांना म्हणालो, बाई, मी वर्षभर ‘पाहा’ लिहा म्हणून घसा कोरडा करतो आणि तुम्ही फळ्यावर पाय लिहिता. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, तुमच्या वर्गात ती चूक असेल. माझ्या वर्गात ते उदाहरण आहे.”

पोरांच्या वह्यांत काय काय सापडायचं. एका पोराने लिहिलं होतं, मी रविवारी मामाला ‘मीट’ करणार आहे, आणि स्पेलिंग मटणाचं. बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिलं, मामी रडेल. एक मुलगी आजारी होती, तिच्या अर्जात ती एक ‘वीक’ गैरहजर होती, पण तो वीक अशक्तपणाचा. बाई म्हणाल्या, तसं हेही खरंच आहे. चुकांवर त्या हसायच्या, पण पोराला आधी हसवून मग. एकट्या पोराला हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

एकदा मोठाच घोटाळा झाला. नववीतल्या एका पोराने सुट्टीचा अर्ज थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. सुरुवातीला ‘डिअर सर’, आणि डिअर हरणाचं. मुख्याध्यापक शिस्तीचे होते. त्यांना वाटलं, पोरगं मुद्दाम टिंगल करतं. त्याला ऑफिसबाहेर उभं केलं आणि बापाला बोलावणं धाडलं. बाप धान कापायचं टाकून आला. काय झालं ते त्याला कळेना, आणि समजावून सांगावं तर मुख्याध्यापकांना आपल्याच तोंडाने ‘मला हरीण म्हणाला’ असं म्हणावं लागत होतं. ते त्यांना जमेना. शेवटी बाईंना बोलावलं. बाईंनी अर्ज वाचला, पोराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “सर, याच्या गावाभोवती हरणं रोज येतात. दुसरा डिअर यानं अजून पाह्यलाच नाई. चूक माझी आहे, मी शिकवते त्याला.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि वाघ नाही लिहिलं त्यानं, एवढं पाहा.” मुख्याध्यापक कठोर तोंड करून बसायचा प्रयत्न करत होते, पण त्यांचेही खांदे हलायला लागले. बापाने जाताना मला विचारलं, सर, हरीण वाईट असते काय? मी म्हटलं, नाही हो, फार गरीब जनावर.

हे सगळं गमतीचं. पण या शब्दांच्या पाठीमागे बाई एवढ्या का लागल्या होत्या, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

मनीषा मडावी नावाची एक मुलगी होती. जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावातून शाळेला यायची. हुशार, कमी बोलणारी. बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि बाईंच्याच सांगण्यावरून नर्सिंगला अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं. बाप सोबत गेला. बाई दोन दिवस वाट बघत राहिल्या, काही कळवलं कसं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या गावचं दुसरं एक पोरगं म्हणालं, मनीषा तर धानाच्या रोवणीला जाते. तिनं शिकणं सोडून दिलं म्हणते.

बाईंनी दुपारी मला विचारलं, सर, गाडी आहे ना तुमची? मी म्हटलं, आहे. पण त्या रस्त्याला मागच्याच महिन्यात वाघाने माणूस नेला होता, चार वाजले की लोक बाहेर पडत नव्हते. बाई म्हणाल्या, तर मग आताच निघू. शेवटचा तास दुसऱ्यावर सोपवून आम्ही निघालो. रस्ताभर त्या मागे बसून एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी गाडीवर बसल्या की दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायच्या.

मनीषा घरी नव्हती, शेतावर होती. बाप आम्हाला घेऊन गेला. चिखलाने भरलेली बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, आणि त्यात सात-आठ बाया वाकून रोवणी करत होत्या. मनीषाने आम्हाला पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. बापाने हाक मारली तरी ती येईना. बाईंनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपला काढल्या, साडी वर खोचली आणि सरळ चिखलात उतरल्या. मी बापाशेजारी धुऱ्यावर उभा राहिलो. तिथून सगळं ऐकू येत होतं.

झालं होतं ते असं. मुलाखतीच्या खोलीत तीन माणसं होती. नाव विचारलं, गाव विचारलं, गुण विचारले, सगळं तिने नीट सांगितलं. मग मधल्या माणसाने कागद बघत नुसतं म्हटलं, “वेट.” म्हणजे थांब. तिच्या हातातल्या अर्जावर उंची आणि वजनाचे रकाने होते, तिच्या डोक्यात तेच. ती म्हणाली, एक्केचाळीस किलो. तिघंही हसले. मग त्यातल्या एकाने बाहेर जाऊन कोणाला तरी सांगितलं, आणि बाहेर बसलेल्या मुली हसायला लागल्या. तिला बाहेर बसवलं होतं, पुन्हा बोलावणार म्हणून. ती बापाला म्हणाली, चल. नंतर तिचं नाव पुकारलं, तेव्हा ती बसमध्ये होती.

“मी आता कुठीच नाई जाणार, बाई,” मनीषा म्हणाली. “मले इंग्रजी येत नाई.”

“तुले येते. त्यानं एकच शब्द फेकला. एका शब्दावरून कोणाले काय समजन? पुरं वाक्य बोलायची त्याची ताकद नव्हती, अन् हासला तुले.”

हातातली पेंढी सोडून मनीषा रोपं लावू लागली. मग बाईंनी खाली वाकून पेंढीतली चार रोपं घेतली आणि तिच्या बाजूला लावायला लागल्या. त्यांना ते काम येत नव्हतं, रोपं आडवी पडत होती. लावता लावताच त्यांनी तिला सांगितलं, जे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

चंद्रपूरला कॉलेजात त्या पहिल्या वर्षाला होत्या. इंग्रजीच्या प्राध्यापकाने एकेकाला उभं करून विचारलं, आतापर्यंत काय वाचलं आहे. त्याने विचारलं ते असं: व्हॉट हॅव यू रेड? बाईंच्या कानाला एवढंच कळलं, काय आणि रेड. रेड म्हणजे लाल. काय लाल आहे म्हणून विचारतात, असं वाटून त्यांनी वेणीला हात लावला आणि म्हणाल्या, रिबन, सर. वर्गात कोणी बाकं वाजवली, कोणी शिट्टी मारली. वर्षभर त्यांचं नाव रिबन पडलं. जिन्यात, मैदानावर, बसमध्ये, रिबन.

मनीषाचा हात थांबला. तिने विचारलं, “मंग तुम्ही काय केलं?”

“रातभर रडली. अन् दुसऱ्या दिवशी तीच रिबन बांधून गेली.”

“काऊन?”

“दुसरी नव्हतीच माह्याजवळ,” बाई म्हणाल्या.

मनीषा हसली. चिखलाचा हात तोंडाला लावून हसली, आणि मग रडायला लागली. बाजूच्या बाया वाकलेल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, काही नाही. तिचं रडून होईपर्यंत वाकडीतिकडी रोपं लावत राहिल्या. नंतर कोणी तरी ती सगळी उपटून पुन्हा लावली असणार.

परत येताना ऊन उतरत होतं आणि मी गाडी जोरात मारत होतो. बाई मागून म्हणाल्या, “सर, तुम्ही ऐकलं ना सगळं?” मी म्हटलं, हो. “शाळेत कोणाला सांगू नका. पोट्टे रिबन म्हणतील.” मी त्या असेपर्यंत सांगितलं नाही.

त्या वर्षीची जागा गेलीच. मनीषाने वर्षभर रोवणी, कापणी, तेंदूपत्ता सगळं केलं आणि दर शनिवारी बाईंच्या खोलीवर येत राहिली. बाई तिला रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकवायच्या आणि मध्येच रेडिओ बंद करून विचारायच्या, आता काय म्हणाला? पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या ठिकाणी प्रवेश मिळाला. आज ती सिरोंच्याकडे एका सरकारी दवाखान्यात आहे. तिकडे लोक तेलुगू बोलतात. सुरुवातीला ती फोनवर बाईंना म्हणाली होती, बाई, इथी तर सगळेच शब्द माह्यासाठी एकसारखे हायत. बाईंनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही, पण फोन बराच वेळ चालला होता.

यानंतर काही वर्षांनी बाईंच्या कानाचं सुरू झालं.

आधी आम्हाला कळलंच नाही. शिपाई चहा विचारायचा आणि त्या म्हणायच्या, टेबलावर ठेवला आहे. त्याने पुन्हा विचारलं की म्हणायच्या, हो, सही केली. आम्ही समजायचो, तंद्रीत असतील. मग माझ्या लक्षात आलं, की त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात. पंखा सुरू असला तर माझ्या उजव्या बाजूची खुर्ची सोडून समोर येऊन बसतात. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. असं वर्षभर चाललं असेल.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ते बाहेर पडलं. एका पोराने आकडा सांगितला, फिफ्टीन. बाईंना ऐकू आलं फिफ्टी. पुढचंही त्यांनी तसंच काही ऐकलं आणि त्याला नापास केलं. पोरगं गरीब, काही बोललं नाही. पण त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुलीने मला येऊन सांगितलं, सर, त्यानं बरोबर सांगतलं होतं. मी बाईंना स्टाफरूमच्या बाहेर बोलावून हळूच सांगितलं. हळूच सांगितलं म्हणून त्यांना तेही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं, आणि मग ते सगळ्यांनीच ऐकलं.

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या तशाच वर्गात गेल्या, त्या पोराला बाहेर बोलावलं, पुन्हा परीक्षा घेतली, आणि गुण बदलून मुख्याध्यापकांकडे गेल्या. म्हणाल्या, मला तोंडी परीक्षा देऊ नका. माझ्या कानावर आता कोणत्याही पोराचं भविष्य ठेवू नका.

मुख्याध्यापक तोवर नवीन आले होते. ते वाईट नव्हते, पण घाबरट. पालकांना कळलं तर काय, याची त्यांना काळजी. त्यांनी सुचवलं, की बाईंनी तब्येतीच्या कारणाने आधीच निवृत्ती घ्यावी. ऐकू येत नाही तर भाषा कशी शिकवणार, असं ते मला म्हणाले, बाईंना म्हणायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. माझ्याकडून त्यांनी निरोप पाठवला. मी तो बाईंना एका कागदावर लिहून दिला, कारण तेच सोपं झालं होतं. बाईंनी वाचला, कानावरची पेन्सिल काढली, माझी एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद मला परत दिला.

सुट्टीत त्या धाकट्या बहिणीसोबत नागपूरला जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, कानाच्या नसा कमजोर होत चालल्या आहेत, मशीन लावा. मशीन आलं. त्यात पंख्याचा आवाज विमानासारखा यायचा आणि खडू फळ्यावर घासला की बाईंच्या अंगावर काटा यायचा. माणसाचा आवाज मात्र यायचा तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. महिनाभर त्यांनी नेटाने लावलं. मग एके दिवशी आठवीच्या तासाला वर्गात जाऊन ते काढून टेबलावर ठेवलं. मी शेजारच्या वर्गात होतो. मध्ये अर्धीच भिंत होती, आणि बाई हल्ली मोठ्याने बोलायच्या, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“पोट्टेहो, माह्ये कान चालले. पुरते नाई गेले, पण चालले. तुम्ही बोलता ते मले येते, पण सारे शब्द सारखेच वाटतात. कॅट म्हटलं का कॅप म्हटलं, मले नाई समजत.”

मग एका मुलीचा आवाज आला, “मंग बाई, आमी काय करू?”

बाईंनी तिला पुन्हा विचारायला लावलं, बहुतेक जवळ जाऊन. मग म्हणाल्या, “तोंड माह्याकडं करून बोला. वरडू नका, वरडलं का तोंड वाकडं होते. अन् एकच शब्द सांगू नका. पुरं वाक्य सांगा. वाक्य सांगतलं का मी समजून घेईन.”

त्या दिवसापासून त्या वर्गाने तसंच केलं. बाईंनी विचारलं, फळ्याचा रंग काय, तर इतर वर्गातली पोरं म्हणायची, ब्लॅक. ही पोरं उभी राहून, हनुवटी वर करून, हळूहळू म्हणायची, द कलर ऑफ द बोर्ड इज ब्लॅक. आधी अडखळायची. कोणी चुकलं की दुसरा उभा राहून पुरं करायचा. पोटात दुखत असलं तरी पुरं वाक्य, पाणी प्यायला जायचं असलं तरी पुरं वाक्य. दिवाळीपर्यंत मला भिंतीपलीकडून आख्ख्या आख्ख्या इंग्रजी वाक्यांचा आवाज यायला लागला. माझा वर्ग मराठी कविता म्हणायचा थांबून ते ऐकायचा. त्या वर्षी तपासणीला आलेले साहेब त्या वर्गात बराच वेळ बसले. बाहेर येऊन त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, ही पोरं असं बोलायला कशी लागली? मुख्याध्यापक म्हणाले, बाई फार मेहनत घेतात. निवृत्तीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बाई आपल्या वेळेलाच निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर बहिणीने वरोऱ्याला बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. घरमालक वारला होता, त्याची म्हातारी बायको एकटी होती. दोघी संध्याकाळी अंगणात बसायच्या. म्हातारीला दिसायचं कमी आणि बाईंना ऐकू यायचं कमी. कोण आलं ते बाई तिला सांगायच्या, आणि आलेला काय म्हणाला ते ती बाईंना, हाताच्या खुणांनी. मी गेलो की हाच प्रकार माझ्याबाबतीत चालायचा. माझी बायको म्हणायची, तुम्ही तिथून हसत येता नेहमी.

मग मीही निवृत्त झालो आणि मुलाकडे चंद्रपूरला राहायला आलो. जाणं-येणं कमी झालं. बाई गेल्या ती बातमी मला त्यांच्या बहिणीने फोनवर दिली. झोपेतच गेल्या म्हणाली. मनीषा सिरोंच्याहून आली होती, रस्ता खराब, तरी वेळेत पोचली.

मला त्या शेवटच्या दिसल्या, ते त्याआधी काही महिने. एका जुन्या विद्यार्थ्याचं लग्न होतं म्हणून मी सावलीला गेलो होतो. बाईही लग्नात होत्या. परतीच्या बसला मला सोडायला आल्या, नको म्हणत असताना आल्या. मी खिडकीत बसलो, त्या खाली उभ्या. बोलणं होऊन गेलं होतं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना काही तरी आठवलं. त्या खिडकीखाली आल्या, मान वर केली आणि बोलायला लागल्या. जुनी बस, सगळा पत्रा थरथरत होता. मला काही ऐकू येईना. मी हात कानामागे नेला. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळूहळू, तोंड उघडून. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो, पण मला ती विद्या येत नव्हती. मी मान हलवली. त्या हसल्या, जाऊ द्या असा हात केला, आणि बस निघाली.

वळणावर मी मागे पाहिलं. सायकल घेऊन चाललेली गणवेशातली एक मुलगी बाईंजवळ थांबली होती. बाई थोड्या वाकून तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ती मुलगी हँडल दोन्ही हातांनी धरून, हनुवटी वर करून, त्यांना काही तरी भलं मोठं सांगत होती.